भिंत वाकडी असेल तर वाकडीच काढा

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या घराची रांदचीकूड, म्हणजे स्वयंपाकघर, आम्ही काही वर्षांपूर्वी नवी करून घेतली. त्या सगळ्या कामात मला महाग पडलं ते एक टिंब. भिंतीची लांबी मी वहीत लिहिली होती ८.६. माझ्या डोक्यात ते आठ फूट सहा इंच होतं. दुकानातल्या मुलाने ते आठ पूर्णांक सहा दशांश फूट असं वाचलं. त्याचं काही चुकलं नाही, टिंबाचा अर्थ तोच होतो. आठ फूट सहा इंच म्हणजे २५९१ मिलिमीटर, आणि ८.६ फूट म्हणजे २६२१. फरक तीस मिलिमीटरचा, जेमतेम दोन बोटं. कपाटांचे खण कारखान्यातून बनून आले, एकेक करून ओळीत बसले, आणि शेवटचा खण काही केल्या आत जाईना. मेस्ताने, म्हणजे सुताराने, आधी खणाकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग माझ्याकडे. तो काही बोलला नाही, पण आईने ती नजर बरोबर वाचली. खण परत गेला, लहान होऊन येईपर्यंत तीन आठवडे आमचा गॅस बैठकीच्या खोलीत होता.

तेव्हापासून नातलगांत कोणी स्वयंपाकघर काढायला घेतलं की मोजपट्टी घेऊन मला बोलावतात. चुकलेला माणूस बरं मोजतो, असा त्यांचा समज असावा. पाच-सहा घरं मोजल्यावर एक गोष्ट लक्षात आली. लोक नकाशा काढायला बसले की हात आपोआप सरळ रेघा मारतो. चौकोन काढतात, कोपऱ्यांत काटकोन धरतात, समोरासमोरच्या भिंती सारख्या करून टाकतात. घर मात्र तसं नसतं. पहिला कागद म्हणजे घराचा कबुलीजबाब. नवं काय हवं त्याचा विचार दुसऱ्या कागदावर. पहिल्यावर फक्त आहे ते, आणि जिथे वाकडं आहे तिथे वाकडं.

एकच भाषा ठरवा

गोव्यात मापांची गंमतच आहे. जमीन आपण चौरस मीटरमध्ये बोलतो. सुतार इंच आणि सुतात बोलतो. मॉड्युलर किचनवाला मिलिमीटरमध्ये आणि फरशीवाला फुटांत. चौघांचं बोलणं एकाच वहीत आलं की माझ्यासारखं टिंब पडतं. म्हणून मोजायला लागण्यापूर्वी एकच एकक ठरवायचं. माझं मत मिलिमीटरच्या बाजूने आहे, कारण त्यात टिंब लागतच नाही. २५९१ म्हणजे २५९१, ते दुसऱ्या कोणत्याही तऱ्हेने वाचता येत नाही.

मेस्त इंचात सांगत असेल तर त्याला अडवू नका, त्याचा हात त्या मापावर बसलेला असतो. तुम्ही बदलून लिहा. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत, तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. मेस्त म्हणाला, ‘सात फूट चार इंच तीन सूत’, तर सात फुटांचे ८४ इंच, त्यात चार मिळवून ८८, आणि तीन सूत म्हणजे ०.३७५. झाले ८८.३७५ इंच. गुणिले २५.४, म्हणजे २२४५ मिलिमीटर. मोबाइलवर दहा सेकंदांचं काम आहे.

मोजपट्टी पाच मीटरची पुरते. तिच्या टोकाची पत्र्याची आकडी थोडी हलते. ती सैल झाली असं समजून काहीजण हातोडीने ठोकून घट्ट करतात. तसं करू नका. आकडी स्वतःच्या जाडीइतकी हलावी म्हणूनच तशी बसवलेली असते. कडेला अडकवून ओढली की ती तेवढी बाहेर येते, भिंतीला टेकवली की तेवढी आत जाते, त्यामुळे दोन्ही वेळा माप खरं येतं. घट्ट केलीत तर यांतलं एक माप कायमचं चुकणार.

आणखी लागेल ते असं: दोरी, ओळंबा, पेन्सिल, चौकटीचा कागद, आणि आठ-दहा मीटर पारदर्शक प्लास्टिकची नळी. लेझरने अंतर मोजणारं यंत्र मिळालं तर लांब मापांना सोयीचं, विशेषतः एकट्याने मोजताना. मोबाइलमधल्या कॅमेऱ्याने मोजणाऱ्या ॲपवर कपाटं मात्र करायला देऊ नका. सोफा मावेल का एवढं बघायला ती ठीक आहेत.

आधी रेघा, मग आकडे

पट्टी उघडण्यापूर्वी खोलीच्या मधोमध उभे राहा आणि वरून बघितल्यासारखी खोली कागदावर काढा. प्रमाण नको, सफाईही नको. दार कुठे, ते कोणत्या बाजूला उघडतं, जनेल (खिडकी) कुठे, मोरी कुठे, खांब कुठे बाहेर आलाय, एवढं आलं की पुरे. भिंतींना अ, ब, क, ड नावं द्या. त्यानंतर प्रत्येक भिंतीसाठी वेगळा कागद घ्या आणि तिच्यासमोर उभं राहून दिसतं तसं चित्र काढा. वरून काढलेल्या नकाशात उंची दिसत नाही, आणि स्वयंपाकघरातल्या निम्म्या कटकटी उंचीच्याच असतात.

आता आकडे. भिंतीवर दार, मग मोकळी जागा, मग जनेल, मग पुन्हा मोकळी जागा असेल तर बहुतेक लोक तुकडे मोजतात आणि बेरीज करतात. प्रत्येक तुकड्यात दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झालं की शेवटी सेंटिमीटरचा घोळ होतो. त्यापेक्षा पट्टीचं टोक एका कोपऱ्यात धरा आणि तिथूनच सगळी अंतरं लिहीत जा: दाराची कड २१०, दुसरी कड १०६०, जनेलाची कड १७४०, असं. मग तुकडेही मोजा आणि दोन्हींचा मेळ घाला. मेळ बसला नाही तर तिथेच पुन्हा मोजायचं. घरी जाऊन ‘बहुतेक हेच असेल’ म्हणायचं नाही.

पट्टी कोपऱ्यात वाकते आणि नेमका आकडा वाचता येत नाही, हा सगळ्यांचाच अनुभव. उपाय सोपा आहे. एका कोपऱ्यापासून बरोबर ५०० मिलिमीटरवर पेन्सिलीने खूण करा. दुसऱ्या कोपऱ्यापासून त्या खुणेपर्यंत मोजा आणि ५०० मिळवा.

हीच लांबी तीन उंचींवर मोजायची: जमिनीलगत, कट्ट्याच्या उंचीवर आणि डोक्याच्या वर. जुनं घर असेल तर हे चुकवूच नका. आपल्याकडच्या जुन्या चिऱ्याच्या भिंती दीड-दीड फूट जाड. चिरा ओबडधोबड, त्यावर मातीचा नाहीतर चुन्याचा गिलावा, आणि प्रत्येक पिढीने चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी मारलेला रंग. भिंत मध्येच पोट काढून उभी असते. आमच्या ‘ब’ भिंतीलगत जमिनीवर जे माप आलं, त्यापेक्षा कट्ट्याच्या उंचीवर १९ मिलिमीटर कमी भरलं. तिन्हींतलं सगळ्यात लहान माप खणांसाठी धरायचं. खण लहान झाला तर फटीत लाकडी पट्टी बसवता येते, मोठा झाला तर काय होतं ते वर सांगितलंच आहे. भिंतीचं पोट बघायला दोरी एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत ताणून धरा, भिंत दोरीला कुठे टेकते आणि कुठे सुटते ते लगेच दिसतं. ओळंबा सोडला की भिंत वरून पुढे झुकली आहे की मागे, तेही कळतं.

काटकोन आहे असं गृहीत धरू नका

कट्टा इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा करायचा असेल तर कोपरा काटकोनात आहे का, हे सगळ्यात आधी बघावं लागतं. गवंड्यांची जुनी रीत आहे. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ९० सेंटिमीटरवर खूण करा, दुसरीवर १२० वर. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर १५० आलं तर कोपरा गुण्यात आहे. जास्त आलं तर कोपरा उघडलेला, कमी आलं तर मिटलेला. तीन-चार-पाचचं प्रमाण आहे हे, शाळेत पायथागोरसच्या नावाने शिकतो तेच.

पूर्ण खोलीसाठी कर्ण मोजा. समजा खोली ३०५० बाय २४४० मिलिमीटर आहे, साधारण दहा फूट बाय आठ फूट. सगळे कोपरे काटकोनात असते तर दोन्ही कर्ण ३९०६ आले असते. तुम्हाला एक कर्ण ३९३२ आणि दुसरा ३८८० मिळाला, तर खोली एका बाजूला सरकलेली आहे. किती? पाऊण अंशाहून जरासं जास्त. ऐकायला काहीच नाही. पण कट्टा भिंतीपासून ६०० मिलिमीटर पुढे येतो, आणि तेवढ्या अंतरात हा पाऊण अंश आठ मिलिमीटरची फट पाडतो. पूर्ण २४४० च्या भिंतीवर तोच ३३ मिलिमीटर होतो. नुसत्या डोळ्यांना ही खोली अगदी चौकोनी दिसेल. वरच्या तीन-चार-पाचच्या रीतीने बघितलंत तर याच खोलीच्या उघड्या कोपऱ्यात १५० च्या जागी १५१ येईल. एक सेंटिमीटर जास्त आला की ‘चालतंय’ म्हणू नका, एवढंच सांगायचं आहे.

नकाशात हा कोपरा वाकडाच दाखवा आणि दोन्ही कर्णांचे आकडे तिरक्या रेघांवर लिहा. ग्रॅनाइटवाल्याला त्याचाच उपयोग होतो. शहाणा ग्रॅनाइटवाला कागदी मापावर दगड कापतच नाही. खाली खण बसले की पुठ्ठ्याचा किंवा प्लायचा फर्मा काढतो आणि त्यावरून कापतो. तुमचा माणूस तसं करणार आहे का, ते आधी विचारून ठेवा.

पाण्याची नळी

आता त्या प्लास्टिकच्या नळीकडे येऊ. माझ्या मते मोजणीतलं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम हे आहे.

जुन्या स्वयंपाकघराची जमीन सपाट नसते, आणि ते मुद्दाम केलेलं असतं. धुतलेलं पाणी मोरीकडे जावं म्हणून उतार ठेवतात. तुम्ही प्रत्येक ठिकाणी जमिनीपासून ८४० मिलिमीटर मोजून कट्ट्याची रेघ मारलीत तर कट्टाही मोरीकडे उतरेल, आणि कढईतलं तेल एका बाजूला गोळा होईल. म्हणून जमिनीवर विश्वास न ठेवता एक समपातळीची रेघ आधी मारून घ्यायची.

नळीत पाणी भरा, दोन्ही टोकांपासून वीतभर रिकामी ठेवा. आत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळंच चुकतं, म्हणून भरताना नळी उजेडात धरून बघा. एक टोक एका कोपऱ्यात, दुसरं दुसऱ्या कोपऱ्यात. दोन्ही तोंडं उघडी. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीवर थांबतं, मधे नळी कितीही वळलेली असली तरी. पहिल्या कोपऱ्यात जमिनीपासून १००० मिलिमीटरवर खूण करा, पाणी त्या खुणेवर येईल अशी नळी वर-खाली करा, आणि तोच क्षण पकडून दुसऱ्या कोपऱ्यात पाणी जिथे थांबलं तिथे खूण करा. चारही कोपऱ्यांत असं झालं की खुणा दोरीने जोडा.

या रेघेपासून खाली जमिनीपर्यंत मोजत जा. आमच्याकडे आकडे आले १०००, १००६, १०१८ आणि १०१२. म्हणजे जमीन एका कोपऱ्यात १८ मिलिमीटर खाली होती, आणि मोरी नेमकी तिथेच. कट्ट्याची उंची जमीन जिथे सगळ्यात वर आहे तिथून ठरवायची, बाकीच्या ठिकाणी खणांचे पाय लांब करून भरून काढायचं. त्याच रेघेपासून वर छतापर्यंतही मोजून घ्या. कौलारू घरात बाहेरच्या भिंतीकडे छप्पर खाली येतं, त्यामुळे वरच्या कपाटाचं दार एका टोकाला उघडतं आणि दुसऱ्या टोकाला वाशाला आपटतं. फ्लॅटमध्ये वासे नसतात पण तुळई असते, आणि चिमणीचा पाइप नेमका तिच्या आड येतो. तुळईची खालची कड रेघेपासून किती वर आहे, ते लिहाच.

फरशीची एक मेख आहे. मोजताना भिंतीला नुसता गिलावा असतो. पुढे तिच्यावर टाइल लागते. टाइल आणि तिचा चिकटवायचा थर मिळून दहा-बारा मिलिमीटर सहज जातात. समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर टाइल लावलीत तर खोली दोनेक सेंटिमीटरने लहान झाली. जुन्या लाद्यांवरच नवी फरशी बसवली तर जमीन वर येते. कागदावर ठळक लिहा: ‘मापं गिलाव्यापर्यंत’ किंवा ‘मापं टाइलपर्यंत’. हे न लिहिलेला कागद म्हणजे पुढच्या भांडणाची तयारी.

उंचीच्या गोष्टी

उंचीचा हिशेब असा. खालचे पाय १००, खण ७२०, वर २० चं ग्रॅनाइट, झाले ८४०. हा तयार आकडा बहुतेकांना बरा पडतो म्हणून चालतो. पण तुमच्या घरात स्वयंपाक कोण करतं, ते आधी बघा. ताठ उभं राहून हात कोपरात वाकवला की कोपर जमिनीपासून जितकं वर असतं, त्याच्या दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली कट्टा असावा. आमच्या आईचं कोपर ९४ सेंटिमीटरवर, बायकोचं १०३ वर. आईला कट्टा ८४ च्या वर गेला तर खांदे उचलावे लागतात, बायकोला ८८ च्या खाली गेला तर कंबर वाकवावी लागते. आम्ही मुख्य कट्टा ८६ केला आणि मागच्या दाराकडे एक छोटा ठेंगणा तुकडा ठेवला, तिथे आई बसून किंवा उभी राहून हवं ते करते. मापांच्या कागदावर भिंतींबरोबर माणसंही आली पाहिजेत ती अशी.

जनेलाचा उंबरा जमिनीपासून किती वर आहे ते मोजा. जुन्या घरात तो ७५०-७८० च्या आसपास सापडतो, म्हणजे नवा कट्टा जनेलाला आडवा जातो. आत उघडणारी दारं असतील तर ती उंच मानेच्या नळावर आपटतात. हे मला एका चुलत बहिणीच्या घरी कळलं, तेही नळ बसल्यावर. तिचं जनेल आता अर्धंच उघडतं.

शेगडी आणि चिमणी यांच्यामधलं अंतर बहुतेक कंपन्या ६५ ते ७५ सेंटिमीटर सांगतात. तुम्ही घेणार त्या चिमणीच्या पुस्तिकेतला आकडा खरा. घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरची जागाही कागदावर हवी. सिलिंडर उभाच ठेवायचा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर, आणि रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नको. गळती झाली तर हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरच्या खणाला खालच्या बाजूला जाळी किंवा भोकं लागतात. सिलिंडर मोजताना तो बाहेर काढताना हात कुठे जाणार तेही मोजा. नुसता मावून भागत नाही.

नळ आणि सांडपाण्याच्या पाइपाचं माप मध्यबिंदूचं घ्यायचं: कोपऱ्यापासून किती, पातळीच्या रेघेपासून किती. विजेच्या बोर्डांचं तसंच. भिंतीत लपलेली वायर साधारणपणे बोर्डापासून सरळ वर किंवा आडवी जाते, म्हणून बोर्डाच्या बरोबर वर खिळा ठोकण्याचं टाळतात. प्रत्येक भिंतीचा पट्टी धरून एक फोटो काढा. वहीतल्या अक्षराचा संशय आला की तोच फोटो कामी येतो.

पाऊस कुठून येतो

पुण्या-मुंबईच्या घरांसाठी लिहिलेल्या माहितीत हे सापडणार नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. चिमणीच्या पाइपाचं तोंड त्याच भिंतीतून काढलंत तर पहिल्याच आषाढात पाणी पाइपातून शेगडीवर टपकेल. नकाशावर उत्तर दिशा दाखवा आणि पावसाची बाजू बाणाने दाखवा. बाहेर वळचण किती पुढे आली आहे तेही मोजून ठेवा, तोंड वळचणीखाली काढता आलं तर उत्तम.

मोजणी शक्यतो पावसाच्या अखेरीला करा. भिंतींवर ओल कुठपर्यंत चढते ते त्याच वेळी दिसतं. ओलीच्या वरच्या कडेचं माप पातळीच्या रेघेपासून घ्या आणि भिंतीच्या चित्रात ती वेडीवाकडी रेघ जशीच्या तशी काढा. एप्रिलमध्ये हीच भिंत कोरडी ठणठणीत दिसते, आपण तिला प्लाय टेकवतो, आणि दोन पावसाळ्यांनी कपाटाची पाठ फुगून दारं बंद व्हायची थांबतात. ओलीच्या भिंतीशी कपाटाची पाठ किती सुटी ठेवायची, हे या रेघेकडे बघून मेस्त ठरवतो.

त्रिकोण आणि मागचं दार

माणूस स्वयंपाकघरात किती चालतो हे मोजण्याचा नाद शंभर वर्षांपूर्वीचा. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या घरांसाठी एक छोटं स्वयंपाकघर आखलं, सुमारे १.९ बाय ३.४ मीटर. आगगाडीच्या भोजनडब्यातल्या चिंचोळ्या मुदपाकखान्यावरून त्यांनी कल्पना घेतली आणि प्रत्येक पाऊल, प्रत्येक वळण हिशेबात धरलं. अशी हजारो स्वयंपाकघरं तिथे बसली. आज आपण ज्याला मॉड्युलर म्हणतो त्याची मुळं तिथे आहेत. पुढे १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात शेगडी, सिंक आणि फ्रिज यांच्या त्रिकोणाचा नियम पक्का झाला: प्रत्येक बाजू साधारण १.२ ते २.७ मीटर, आणि तिन्हींची बेरीज ४ ते ७.९ मीटरच्या दरम्यान.

नियम कामाचा आहे, नकाशावर त्रिकोण जरूर काढून बघा. पण आमच्या घरांत त्या त्रिकोणाला चौथा कोपरा असतो, तो म्हणजे मागचं दार. मासळी बाहेर साफ होते, नारळ बाहेर सोलला जातो, भाजीचा कचरा बाहेर जातो. आई दिवसातून किती वेळा त्या दारातून जाते हे मी एका रविवारी मोजलं आणि तिशी ओलांडल्यावर सोडून दिलं. सिंकपासून मागच्या दारापर्यंतचं अंतर, त्या वाटेत येणारी कपाटाची आणि फ्रिजची उघडी दारं, हे सगळं कागदावर आलं पाहिजे. फ्रिजसाठी त्याच्या रुंदीबरोबर दार पूर्ण उघडल्यावर लागणारी जागा धरा, नाहीतर आतला ट्रे बाहेर ओढता येत नाही.

सामानाचंही माप घ्या. रोजची भांडी कुठेही मावतात, अडचण चवथीला माळ्यावरून खाली येणाऱ्या मोठ्या टोपांची असते. आमच्या सगळ्यात मोठ्या टोपाचा व्यास कान धरून ५६० भरला, म्हणजे ५५० खोल खणाचं दार त्याच्यावर बंदच झालं नसतं. आदोळी (विळी), मिक्सर, तांदळाचा डबा, श्रावणात बाजूला काढून ठेवायची मासळीची भांडी, या सगळ्यांची यादी मापांसकट करा. आणि नव्या सामानाची वाटही मोजा. ग्रॅनाइटचा आठ फुटी तुकडा सोप्यावरून वळून आत येणार आहे का? जुन्या दारांच्या चौकटी अरुंद असतात आणि उंबरा उंच. फ्रिज दारात अडकल्याचं दृश्य बघायला शेजारी फार पटकन जमतात.

प्रमाणात उतरवणं

हे सगळं झाल्यावर चौकटीच्या कागदावर नीट नकाशा. एकास वीस हे प्रमाण घ्या: कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे खोलीतले वीस सेंटिमीटर. ३०५० बाय २४४० ची खोली कागदावर १५.२५ बाय १२.२ सेंटिमीटरची होते, ए-फोर कागदावर आकडे लिहायला भरपूर जागा उरते. फ्रिज, शेगडी, सिंक यांचे त्याच प्रमाणात पुठ्ठ्याचे तुकडे कापा आणि कागदावर सरकवून बघा. आमच्याकडे हा खेळ आठवडाभर चालला. सॉफ्टवेअरमध्ये रंगीत चित्र छान दिसतं, पण आई, बायको आणि मी तिघांनी एकाच वेळी बोट ठेवता येईल असा पुठ्ठाच.

खण बनवायला देण्याआधी दुकानातल्या माणसाला घरी येऊन स्वतः मोजू द्या आणि त्याचे आकडे तुमच्या कागदाशी ताडून बघा. दोन आकडे जुळले नाहीत तर दोघांनी मिळून तिसऱ्यांदा मोजायचं, आणि शेवटच्या कागदावर दोघांच्या सह्या, तारीख घालायची.

आमच्या शेवटच्या कागदावर मागच्या दाराजवळच्या कोपऱ्यात एक वर्तुळ होतं, बाजूला लिहिलेलं ५२०. खण लावायला आलेल्या मेस्ताने विचारलं, हे काय. मी सांगायच्या आधी आईने कोपऱ्यातल्या रगड्याकडे बोट दाखवलं. जमिनीत पुरलेला, आजीच्या वेळचा. मेस्त म्हणाला, हा काढला तर इथे आणखी एक खण सहज बसतो. ‘तो थंयच रावतलो,’ आई म्हणाली. मेस्ताने पेन्सिल काढली आणि वर्तुळाच्या अलीकडे ४० मिलिमीटरवर खणांच्या ओळीची शेवटची रेघ मारली.